अकरा नंबरला दहापैकी किती?

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, नदीच्या संरक्षित भागात पहारेकरी आहेत. सरकारी कागदावर त्यांचं पद याहून बरंच लांब आहे, पण ते पूर्ण म्हणेपर्यंत चहा गार होतो. गेली बावीस वर्षं ते सकाळी साडेसहाला चौकी उघडतात, खिडकीची काच फडक्याने पुसतात, गमबूट चढवतात आणि काठच्या वाटेने एक फेरी मारून येतात. फेरी पाच किलोमीटरची. वाटेवर झुकलेली फांदी कोयत्याने छाटायची, बाकांवरची पक्ष्यांची कामगिरी धुवायची, आदल्या दिवशीचे कागदी पेले गोळा करायचे आणि नऊ वाजता फाटक उघडायचं. मग दिवसभर हातातलं मोजणीचं बटण दाबत, जेवढी माणसं आत गेली तेवढीच बाहेर आली की नाही ते बघायचं.

"गुरं राखणाऱ्याला निदान दूध तरी मिळतं," असं माझी ताई म्हणते.

भाऊजींना एक खोड आहे. ते माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा आईने ठेवणीतल्या बशा काढल्या होत्या, आणि हे खाली बघून म्हणाले, "तुमच्या उंबऱ्याची डावी बाजू जास्त झिजलीय." आईला वाटलं, जावई घराला नावं ठेवतोय. खरं तर ते कौतुक होतं. नदीवर ते असंच करतात. संध्याकाळी फाटक लावलं की पुन्हा एक फेरी मारतात आणि वाटेच्या कडेची माती वाचतात. टाच रुतलेली दिसली म्हणजे इथे माणूस नुसता गेला नाही, थांबला. लहान पावलं तिरकी ओढलेली दिसली म्हणजे पोराला निघायचं नव्हतं आणि आईने हात धरून नेलं. लोकांना कुठली जागा आवडते हे कुणी विचारलं असतं तर त्यांनी सोळाच्या सोळा ठिकाणांची यादी तोंडपाठ सांगितली असती. पण बावीस वर्षांत कुणी विचारलं नाही, आणि आपणहून सांगायला ते काही माझ्यासारखे नाहीत.

वाटेवर सोळा थांबे आहेत. प्रत्येकाला एक पांढरा खांब आणि त्यावर नंबर. दोन नंबरला पूल, हिरवळ आणि रुंद पाणी. पाच नंबरला फुलांचा वाफा, भोवती चुन्याने रंगवलेले गोल दगड आणि सिमेंटचा बाक. हे सगळं भाऊजींनी नोकरीच्या चौथ्या वर्षी स्वतःच्या हाताने केलेलं. दगड ते दर वर्षी पूर ओसरला की नव्याने रंगवतात. आणि अकरा नंबरला काही नाही. म्हणजे वाटेवर उभं राहिलं तर पुरुषभर उंचीचं लव्हाळं, चिखल आणि एका पडलेल्या झाडाची पाठ, एवढंच दिसतं. तिथून फळ्यांची एक अरुंद वाट आत जाते. वीसेक पावलं गेलं की लव्हाळं एकदम संपतं आणि नदी वळण घेऊन अगदी हाताशी येते. पडलेल्या झाडाचं अर्धं खोड पाण्यात आहे. ऊन असलं की त्यावर कासवं ओळीने बसलेली असतात, सरकारी कचेरीतल्या लोकांसारखी, आणि माणसाची चाहूल लागली की त्याच लोकांसारखी एकेक करून नाहीशी होतात.

या अकरा नंबरला ताई सवत म्हणते. "आज उशीर झाला का? सवतीकडे गेला असाल." ती स्वतः तिथे एकदाही गेली नव्हती. नवऱ्याच्या गमबुटांबरोबर घरी येणारा चिखल तेवढा तिच्या ओळखीचा होता.

भाऊजींचा जीव तिथे का गुंतला ते मला ताईनेच सांगितलं. नोकरीला लागले त्या वर्षी तेव्हाच्या साहेबांनी हुकूम काढला, की अकरा नंबरला नदी दिसत नाही, लव्हाळं साफ करा. नवा माणूस, अंगात जोर. अकरा दिवसांत त्यांनी सगळा काठ हजामत केल्यासारखा गुळगुळीत केला. साहेबांनी पाठ थोपटली. पुढच्या पुरात तो काठ चार मीटर आत ढासळला, वाट गेली, आणि काठावरचं ते झाड मुळासकट आडवं झालं. लव्हाळं परत धरायला नऊ वर्षं लागली. झाड उचलायचा विषय निघाला की भाऊजी दर वेळी काही ना काही अडचण सांगत. कधी दोर नाही, कधी माणसं नाहीत. एकदा तर त्यांनी पाठदुखी सांगितली होती, आणि त्याच संध्याकाळी तांदळाचं पोतं खांद्यावर टाकून घरी आले होते.

गेल्या वर्षी नव्या मॅडम आल्या. तरुण, कामाला चोख, गाडीतून उतरल्यावर आधी बूट बदलणाऱ्या. त्यांनी ठरवलं, की फेरीवरच्या कोणत्या जागा लोकांना आवडतात ते लोकांनाच विचारायचं. सोळा थांब्यांचे सोळा फोटो फळीवर लावायचे आणि येणाऱ्या माणसाने प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. शेवटच्या चार जागांची 'सुधारणा' होणार होती. सुधारणा म्हणजे काय हे पत्रातच लिहिलं होतं: झाडोरा काढणे, पायऱ्या बांधणे, कठडा लावणे. फोटो काढायचं काम भाऊजींवर आलं, कारण सोळाही जागा ठाऊक असलेला दुसरा माणूसच खात्यात नव्हता.

मी गावातल्या फोटोच्या दुकानात काम करतो. ओळखपत्राचे फोटो, अल्बम, झेरॉक्स, लॅमिनेशन. ते सोळा फोटो छापायला माझ्याकडेच आले. भाऊजी खात्याचा कॅमेरा फडक्यात गुंडाळून घेऊन आले, जणू आत अंडी आहेत.

पडद्यावर एकेक फोटो उघडत गेलो आणि थक्क झालो. दोन नंबरचा फोटो तर आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या वहीतला होता. आमचे सर फळ्यावर 'देखावा' एवढाच शब्द लिहून बाहेर निघून जायचे आणि आम्ही पन्नास पोरं एकच चित्र काढायचो: मागे दोन डोंगर, मध्ये सूर्य, त्यातून वळत आलेली नदी, काठाला हिरवळ, वर चार आकडे पक्षी. भाऊजींनी ते सगळं एका फोटोत आणलं होतं, पक्ष्यांसकट. पाच नंबरचे पांढरे दगड मोत्यांसारखे दिसत होते. मग अकरा नंबर उघडला.

"भाऊजी, हा गवताचा फोटो कशाला काढलाय?"

"अकरा नंबर आहे तो."

"नदी कुठाय यात?"

"मागे आहे."

"कोणाच्या मागे?"

"लव्हाळ्याच्या. तू पाहिली नाहीस का कधी?"

"मी पाहिलीय. फोटोने नाही पाहिली."

भाऊजी पडद्याजवळ वाकले. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, पटलं असेल. ते म्हणाले, "झाड चांगलं आलंय."

झाडाची पाठ म्हणजे खरकटी कढई पालथी घातल्यासारखी दिसत होती. मी म्हटलं, "उद्या सकाळी फळ्यांवरून आत जा आणि कासवांचा काढा. मी दहा मिनिटांत छापून देतो."

"सगळे एकाच दिवशी काढायचे, वाटेवर उभं राहून काढायचे, असं ठरलंय. पंधरा जागांना एक नियम आणि हिला वेगळा कशाला?"

"कारण त्या पंधरा जागांना वाटेवरून नदी दिसते!"

"मग ती त्यांची हुशारी," ते म्हणाले. "मेहुणे, तुम्ही छापा."

हे प्रामाणिकपणाचं बोलणं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोची वेळ येते. दोन नंबरला भाऊजींनी चाळीस मिनिटं घालवली होती, पाच नंबरला पंचवीस. तिथे काय चांगलं दिसेल ते शोधावं लागत होतं, म्हणून ते फोटो शोधत बसले. अकरा नंबरला पोचले, कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं, एक मिनिट. लव्हाळ्यामागची नदी त्यांना दिसतच होती. ती फोटोत येत नाहीये हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. दुकानात रोज असे नवरे येतात. बायकोचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवून म्हणतात, मोठा करून द्या, छान आलाय. बघावं तर तिचे डोळे मिटलेले.

पुढच्या चार रविवारी भाऊजींनी चौकीसमोर फळी मांडली आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक कागद आणि पेन्सिल दिली. मी एका रविवारी गंमत बघायला गेलो होतो. माणसं उत्साहात असतात. पाठीवर पिशव्या, डोक्यावर टोप्या, अजून कुणाच्या पायाला काही लागलेलं नाही.

"दोन नंबरला दहा! हे कुठे आहे? इथे जायचंच."

"पाच नंबर किती गोड आहे, बघ ना. आठ लिही."

"आणि हे अकरा? हे काय आहे, गटार?"

भाऊजी शांतपणे म्हणायचे, "नदीचं वळण आहे."

"साप असतील तिथे. एक लिही."

एका काकूंनी तर कळवळून सांगितलं, "अहो, एवढं सुंदर ठेवलंय सगळं तुम्ही, हे तेवढं जरा साफ करून घ्या हो." भाऊजींनी मान डोलावली. त्यांच्या बुटांकडे बघितलं. टाच उंच होती.

दोनशे चाळीस कागद झाले. बेरीज त्यांनी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर केली. ताई समोर मटार सोलत होती. दोन नंबर पहिला, पाच नंबर तिसरा. अकरा नंबर सोळापैकी सोळावा, आणि तोही असा, की पंधराव्याला त्याच्याशी ओळख सांगायला लाज वाटावी.

"काय झालं सवतीचं?" ताईने विचारलं.

"नापास."

ताईने एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. टोमणा तोंडापर्यंत आला असावा, पण नवऱ्याकडे बघून तिने तो गिळला.

निकाल मॅडमकडे गेला. पंधरा दिवसांत आराखडा आला. अकरा नंबर: लव्हाळं कापणे, पडलेलं झाड ओढून काढणे, दगडी भिंत, पायऱ्या, कठडा. लव्हाळं कापायचं काम चौकीच्याच माणसाने करायचं होतं. म्हणजे यांनीच. भाऊजी मॅडमना जाऊन भेटले आणि पहिल्या वर्षीची हकीगत सांगितली. मॅडमनी नीट ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "म्हणूनच भिंत धरलीय ना. आणि मी माझ्या मनाचं करत नाहीये, लोकांनी सांगितलंय." लोकांनी सांगितलं होतंच. यांच्यासमोर, यांच्याच पेन्सिलीने.

त्या आठवड्यात भाऊजींनी कोयत्याला धार लावली नाही. एरवी दर सोमवारी लावतात.

मग एका संध्याकाळी, उरलेले कोरे कागद परत करायचे म्हणून त्यांनी त्यांचा गठ्ठा बांधायला घेतला. सगळ्यात खाली सूचनांचा कागद होता. मी तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात चहा पीत होतो. त्यांनी तो कागद चष्मा लावून वाचला. मग चष्मा काढून, लांब धरून वाचला. मग माझ्याकडे सरकवला. तिसरी सूचना अशी होती: फेरी पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या व्यक्तींनाच विचारावे.

"तुम्ही तर आत जाणाऱ्यांना विचारलं," मी म्हटलं.

"हो."

"मग हे वाचलं नव्हतं?"

"वाचलं होतं. पण बाहेर येणारा माणूस थकलेला असतो रे. एकाच्या खांद्यावर पोर झोपलेलं, एकीच्या चपलेचा पट्टा तुटलेला, म्हाताऱ्यांना घाई. त्यांना अडवून गुण विचारणं बरं नाही वाटलं. म्हटलं, ताजीतवानी असताना विचारू. फोटो तेच, माणसं तीच. काय फरक पडतो?"

फरक असा पडतो, की आत जाणाऱ्याने नदी पाहिलेलीच नसते. तो माझ्या शाळेतल्या चित्राला गुण देतो. हे मी सांगायची गरज नव्हती. भाऊजींच्या चेहऱ्यावर ते उमटलंच होतं, मातीत टाच उमटावी तसं.

मी उडालोच. "मग झालं की! उद्याच्या उद्या सांगा मॅडमना. सगळे दोनशे चाळीस कागद रद्द!"

"ते इतकं सोपं नाही," भाऊजी म्हणाले.

"काय अवघड आहे त्यात?"

उत्तर ताईने दिलं. ओट्याकडे तोंड करून उभी होती, तशीच म्हणाली, "त्यांची अकरा नंबर पहिली आली असती तर त्यांनी हा कागद दुसऱ्यांदा वाचला असता का, ते विचार त्यांना."

"नसता वाचला," भाऊजी म्हणाले.

"मग मॅडम हेच विचारतील."

"विचारतील."

"मग काय सांगाल?"

"तू आत्ता विचारलंस ना, तेच सांगेन. नसता वाचला म्हणून."

"आणि वर बोलणी खाल."

"खाईन. चूक माझीच आहे. पण चुकीच्या कागदावरून मी त्या काठाला दुसऱ्यांदा कोयता लावणार नाही. पहिल्यांदा निदान मला माहीत नव्हतं."

भाऊजींच्या तोंडून एवढं ठाम बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. ताईनेही नसावं, कारण तिने वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून कचेरीत गेले. तिथे काय झालं ते त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितलं आणि बाकीचं मी त्यांच्याकडून ओढून काढलं. मॅडम म्हणाल्या, "अकरा नंबर शेवटचा आला म्हणून आता सांगताय?"

"हो. त्यामुळेच लक्षात आलं. नाही तर आलं नसतं."

"मी निकाल वर पाठवलाय. आता परत मागवायचा म्हणजे माझी शोभा होणार."

"माझ्या नावाने मागवा."

मॅडमनी तेच केलं. बावीस वर्षांतली पहिली लेखी ताकीद भाऊजींना मिळाली. ताईने ती वाचली आणि माझ्या हातात दिली. "लॅमिनेट करून आण. घरात एवढं चांगलं मराठी कुणी लिहिलेलं नाही."

मोजणी पुन्हा होणार होती, पण अट अशी, की भाऊजींनी विचारायचं नाही. मी हात वर केला. भाऊजींनी मॅडमना स्वच्छ सांगितलं, "हा नको. हा फोटो बदला म्हणत होता." माणूस घरच्याला किती सहज बुडवतो बघा. मॅडमकडे मोकळा माणूस नव्हता. त्या म्हणाल्या, अकरा नंबरबद्दल काहीही प्रेम नसलेलं कुणी आहे का?

"आहे," भाऊजी म्हणाले. "माझ्या घरातच आहे."

मॅडम स्वतः येऊन ताईला भेटल्या. ताईने त्यांना चहा दिला आणि विषय निघताच म्हणाली, "ते डबकं बुजवलं तरी माझी काही हरकत नाही. माझा फरशी पुसायचा वेळ वाचेल." मॅडमनी तिथल्या तिथे तिची नेमणूक केली. फक्त, विचारणाऱ्याने सोळाही जागा आधी पाहिलेल्या असाव्यात, एवढी अट होती.

म्हणून एका शनिवारी आम्ही तिघं निघालो. ताई नव्या चपला घालून. मी सांगितलं होतं, पण सांगून ऐकली तर ती माझी ताई कसली. दोन नंबरला ती म्हणाली, "छान आहे," आणि चालायला लागली. पाच नंबरला बाकावर बसली, दगडांवरून हात फिरवला. "चुना आमच्या न्हाणीघराला मागितला तर संपलाय म्हणाला होतात." भाऊजी फुलांकडे बघत राहिले.

अकरा नंबरला तिने आधी खांब बघितला, मग लव्हाळं, मग नवऱ्याकडे. "इथे?"

"आत जायचं. फळ्यांवरून."

ताई पुढे, मी मागे, शेवटी भाऊजी. सातव्या-आठव्या पावलाला एक फळी कुरकुरत कलंडली आणि खालून चिखलाची चिळकांडी थेट ताईच्या गुडघ्यापर्यंत उडाली.

"अहो! हे काय आहे?"

"ती हलते. तिच्यावर डावा पाय द्यायचा नाही."

"हे कुठे लिहून ठेवलंय?"

"मला माहीत आहे ना," भाऊजी म्हणाले.

"तुम्हाला! लोकांनी काय करायचं? तुमच्या स्वप्नात येऊन विचारायचं?"

बोलत बोलत ती शेवटच्या फळीवर पोचली आणि लव्हाळं संपलं. नदी समोर नव्हती, शेजारी होती. वळणावर पाणी थोडं थांबल्यासारखं करून पुढे जात होतं. खोडावरची कासवं ताईच्या आवाजाने आधीच सावध झाली होती. एक गेलं, डुबुक. मग दुसरं. शेवटचं एक मोठं, म्हातारं, मान वेळावत बसून राहिलं आणि मग जाऊ दे म्हटल्यासारखं सरकून पाण्यात उतरलं.

"एवढंच?" ताई म्हणाली.

"एवढंच," भाऊजी म्हणाले.

ती तिथून निघाली मात्र नाही. चिखलाचा पाय पाण्यात बुडवला, धुतला, तसाच ठेवला. मी घड्याळ बघितलं नाही, पण दोन नंबरला आणि पाच नंबरला मिळून जेवढी थांबली त्याहून जास्त थांबली. भाऊजी नदीकडे बघत नव्हते, ताईकडे बघत होते.

मग चार रविवार ताई फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसली. फळी तीच, फोटो तेच, अकरा नंबरच्या खरकट्या कढईसकट. एक रविवार मॅडम शेजारी बसून होत्या, सगळं नियमाने चाललंय ना ते बघायला. भाऊजींना थकलेल्या माणसांना अडवायचा संकोच होता, ताईला कसलाही नव्हता. "या इकडे. बसा. पाणी प्या. पोराला माझ्याकडे द्या आणि गुण लिहा." लोक निमूट लिहायचे. परीक्षेला बसल्यासारखे.

बाहेर येणाऱ्यांचं बोलणं मात्र वेगळंच होतं. पाच नंबरपाशी पेन्सिल थांबायची. "हे इथलंच आहे? आपण पाहिलं का हे?" "असेल. बाक होता बहुतेक एक." चार लिहायचे, पाच लिहायचे, कुणी रिकामं सोडायचे. अकरा नंबरपाशी एका जोडप्याचं भांडणच झालं.

"याला दोन लिहू?"

"दोन काय? अहो, कासवं पडली ती जागा ही!"

"यात कासवं कुठायत?"

"फोटोत नसतील. आपण पाहिली ना!"

त्यांनी नऊ दिले. सगळ्यांनी दिले नाहीत. फळीवरून घसरलेल्या एका गृहस्थांनी शून्य दिलं आणि दोनदा गिरवलं. काही जण आत गेलेच नव्हते. त्यांच्या लेखी तो गटाराचाच फोटो होता.

बेरीज या वेळी कचेरीत झाली. दोन नंबर पहिला आला नाही, तिसरा आला. अकरा नंबर सोळापैकी नववा. काही फार थोर नाही, आमच्या वर्गात मी साधारण तिथेच असायचो. पण शेवटच्या चारांत तो नव्हता आणि आराखड्यातून त्याचं पान निघालं. लव्हाळं राहिलं. झाड राहिलं. शेवटच्या चारांत तेरावा म्हणून आला पाच नंबर.

मॅडमनी भाऊजींना बोलावून सांगितलं, की तिथे काढायला झाडोराच नाही, म्हणून सुधारणा उलटी करायची: वाफा, बाक आणि दगड काढायचे, जमीन मोकळी सोडायची, काठाची झाडं आपोआप येऊ द्यायची. लोकांना ती जागा आठवतच नाही. भाऊजी म्हणाले, "बरं." कचेरीबाहेर आले आणि पायऱ्यांवर थोडा वेळ बसले. अठरा वर्षं रंगवलेले दगड होते ते. माती वाचणाऱ्या माणसाला पाच नंबरला टाचा रुतत नाहीत हे दिसलं नसेल का? दिसलं असणार. पण स्वतःच्या हातचं असलं, की आपण तेवढं वाचून सोडून देतो.

तीन दिवस ते दगड ढकलगाडीत घालून घरी आणत होते. एकूण बेचाळीस. ताईने मागच्या दारी जागा दिली. "ठेवा इथे, नळाभोवती. आणि आता चुना आहे ना शिल्लक? तो न्हाणीघराला लावा."

भाऊजींनी दगड गोल मांडले. मांडता मांडता, मान वर न करता विचारलं, "तू अकरा नंबरला किती दिलेस?"

"मी विचारणारी. विचारणाऱ्याने गुण द्यायचे नसतात."

"दिले असतेस तर?"

ताई दारात उभी होती. हात पुसले, पदराने, मग पुन्हा पुसले. "सहा."

"सहाच?"

"सवतीला याहून जास्त कुणी देतं का?" ती म्हणाली. "आणि ती फळी हलत नसती तर सात."

पुढच्या सोमवारी मी नदीवर गेलो तेव्हा चौकी बंद होती आणि भाऊजींचे गमबूट जागेवर नव्हते. अकरा नंबरच्या बाजूने हातोडीचा आवाज येत होता.